ग्रामीण विदर्भातील जननदर व बालमृत्यू : प्रादेशिक फरक

एका बाईला सरासरी किती मुले होतात आणि त्यांतली किती जगतात, याचे उत्तर ग्रामीण विदर्भात तालुक्यागणिक बदलते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७, तर अर्भक मृत्युदर (वर्षाच्या आत दगावणारी बाळे) हजार जिवंत जन्मांमागे २३ भरला. वऱ्हाडातल्या कापूस-सोयाबीनच्या गावांत दोन लेकरे झाली की बाईचे ऑपरेशन, ही रूढ वाट आहे. मेळघाटातले धारणी-चिखलदरा किंवा गडचिरोलीतले भामरागड-एटापल्ली मात्र राज्याच्या सरासरीत दिसतच नाहीत; तिथे बाळंतपणेही जास्त आणि बालमृत्यूही.

डोंगरातल्या जास्त बाळंतपणांचे खापर अडाणीपणावर फोडणे अन्यायाचे आहे. ज्या घराने एखादे लेकरू पुरले, ते घर पाळणा थांबवायला सहजी धजत नाही. कमी वयात लग्न, आईच्या अंगात रक्त नाही, पाठोपाठची बाळंतपणे आणि अडीच किलोच्या आतले बाळ, ही सगळी एकाच दुखण्याची अंगे. मेळघाटातली अनेक कोरकू आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर मजुरीसाठी खाली उतरतात ती होळीला परततात. मधल्या महिन्यांत लस हुकते, अंगणवाडीचा आहारही. तान्ह्याचे पोट फुगले की तापल्या सळईचे चटके देतात, त्याला ‘डंबा’ म्हणतात. ही प्रथा घातकच. पण भूमका, म्हणजे पारंपरिक वैदू, गावात असतो आणि दवाखाना घाटापलीकडे, हेही लक्षात घ्यायला हवे.

बरेच अर्भकमृत्यू पहिल्या २८ दिवसांत होतात. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत तिथल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. झोळीच्या काट्यावर बाळाचे वजन घ्यायचे, मिनिटभर श्वास मोजायचे, बाळ गुंडाळून उबेत ठेवायचे, जंतुसंसर्ग दिसला तर इंजेक्शन द्यायचे. १९९३-९५ मध्ये हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर १९९७-९८ मध्ये सुमारे २५ वर आला. २०११ पासून देशभरातल्या आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी जाऊन बाळ पाहतात, त्या कार्यक्रमामागे हाच अनुभव आहे.

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटते. अशा भागांसाठी ‘माहेरघर’ योजना आहे : दिवस भरत आले की गरोदर बाईने आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचे. सोबत धाकटे मूल आणि घरचे एक माणूस आणता येते. पण भाताच्या रोवणीच्या दिवसांत ते एक माणूस घरातून सुटणे, हेच अवघड असते.