‘द जनरल’चा वाद्यवृंद आणि ‘सिटी लाइट्स’चा वाद्यवृंद

पडद्यावर जुना विनोदी मूकपट आणि पडद्यासमोर प्रत्यक्ष वाजणारा वाद्यवृंद, अशा प्रयोगांत बस्टर कीटनचा ‘द जनरल’ (1926) आणि चार्ली चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’ (1931) हे दोन्ही चित्रपट दाखवले जातात आणि प्रेक्षक त्यांना एकाच माळेत ओवून मोकळे होतात. दोन्हींतील पात्रांचे बोलणे पाट्यांवर वाचावे लागते, त्यामुळे हा समज स्वाभाविक आहे. वाद्यवृंदाचे काम मात्र दोन्हीकडे मुळातच वेगळे असते.

‘द जनरल’च्या फिल्मवर ध्वनी नव्हताच. त्या काळी संगीत पुरवणे हे चित्रपटगृहाचे काम होते: मोठ्या शहरात वाद्यवृंद, लहान गावात एकटा पियानोवादक. (आपल्याकडे मूकपटांना पेटी-तबल्याची साथ असे, त्यातलाच हा प्रकार.) त्यामुळे या चित्रपटाला कायमचे असे एक संगीत नाही. कार्ल डेव्हिस यांनी 1987 मध्ये त्याला संगीत दिले, पुढे जो हिसाइशी यांनी वेगळे दिले, आणि उद्या आणखी कोणी दिले तरी मूळ कृतीला बाधा येत नाही. प्रेयसीने झिडकारलेला नायक जॉनी (कीटन) इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर सुन्न बसलेला असतो आणि इंजिन हलताच दांड्याबरोबर तोही वरखाली होऊ लागतो. हा प्रसंग खिन्न स्वरांत वाजवला तर गलबलून येते, ठेक्यात वाजवला तर हसू फुटते. कीटनचा निर्विकार चेहरा दोन्ही अर्थ निमूटपणे स्वीकारतो.

‘सिटी लाइट्स’ला ही मुभा नाही. चॅप्लिनने संवाद नाकारले, ध्वनी नाकारला नाही. आर्थर जॉन्स्टन यांच्या मदतीने त्याने संगीत स्वतः रचले, फुलवालीसाठी होसे पादिया यांची ‘ला व्हायोलेतेरा’ ही धून घेतली आणि ते सारे ध्वनिपट्टीवर कायमचे बांधून टाकले. 30 जानेवारी 1931 रोजी लॉस एंजेलिसमध्ये तो झळकला. त्यानंतर दीड महिन्याच्या आत मुंबईत ‘आलम आरा’ आला. मराठीने केलेल्या ‘मूकपट’ आणि ‘बोलपट’ या दोन कप्प्यांपैकी एकाही कप्प्यात हा चित्रपट धड बसत नाही, आणि गोंधळाचे मूळ बहुधा तेथेच आहे.

चॅप्लिनच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने 1989 मध्ये हे संगीत प्रत्यक्ष वादनासाठी पुन्हा उभे करणारेही डेव्हिसच होते. फरक एवढाच, की ‘द जनरल’साठी ते संगीतकार होते आणि येथे जीर्णोद्धार करणारे. नायक शिट्टी गिळतो आणि प्रत्येक उचकीला ती वाजते, त्या प्रसंगात ध्वनिपट्टी बंद असल्यामुळे शिट्टी वादकालाच वाजवावी लागते, आणि ती अर्धा सेकंद जरी चुकली तरी विनोद मेलाच म्हणायचा. चित्राचा वेग वादकांसाठी थांबत नाही. सेकंदाला 24 चौकटींच्या गतीशी संचालकाला अखेरपर्यंत जुळवून घ्यावे लागते.

म्हणून ‘द जनरल’ एकदा पाहिला असला, तरी दुसऱ्या संगीतकाराच्या साथीने तो पुन्हा अवश्य पाहावा. ‘सिटी लाइट्स’ला जावे ते नवे संगीत ऐकण्यासाठी नव्हे, तर 1931 च्या ध्वनिमुद्रणात दबून गेलेली तीच वाद्ये मोकळ्या आवाजात ऐकण्यासाठी.