सिगारेट सुटते, दाह मात्र सावकाश निवतो

गरोदर स्त्रीने सिगारेट सोडली की तिच्या रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत जवळजवळ निघून जातो. धुराने शरीरात पेटलेला दाह, म्हणजे इजा किंवा जंतूंविरुद्ध शरीर देतं ती संरक्षक प्रतिक्रिया, मात्र इतक्या लवकर ओसरत नाही. हा फरक आधीच माहीत असेल तर पुष्कळ जणींचा धीर टिकेल, असं मला मनापासून वाटतं.

सिगारेटच्या धुरात ७,०००हून अधिक रसायनं असतात. फुप्फुसातल्या भक्षक पेशींना, म्हणजे जंतू गिळून टाकणाऱ्या संरक्षक पेशींना, हा धूर म्हणजे हल्लाच वाटतो. त्या इंटरल्यूकिन-६सारखे संदेश देणारे रेणू सोडतात. मग अस्थिमज्जेतून जास्त पांढऱ्या पेशी रक्तात उतरतात आणि यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे रिपोर्टमध्ये दिसणारं सीआरपी, जास्त बनवू लागतं. जंतू नसतानाही शरीर लढाईच्या पवित्र्यात राहतं. त्याची झळ रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला बसते. बाळाचं सगळं पोषण ज्या वारेतून होतं, ती तर रक्तवाहिन्यांनीच विणलेली असते.

पण गरोदरपणात दाह मुळीच नको, असंही नाही. गर्भ रुजताना गर्भाशयाच्या अस्तरात थोडा दाह लागतोच. मधले महिने शांततेचे असतात आणि कळा सुरू होताना तो पुन्हा वाढतो. शिवाय निरोगी गरोदर स्त्रीच्याही पांढऱ्या पेशी आणि सीआरपी एरवीपेक्षा थोडे चढलेलेच असतात. त्यामुळे सिगारेट सोडूनही रिपोर्टमधले आकडे खाली आले नाहीत, तर ‘काही उपयोग झाला नाही’ असा अर्थ कृपया काढू नका.

सीआरपीचा रेणू स्वतः फार टिकत नाही. १९ तासांत त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. टिकते ती त्याला चेतवणारी जखम. श्वासनलिकांचं अस्तर भरून यायला वेळ लागतो, तोवर संदेश सुटतच राहतात. पांढऱ्या पेशींची संख्या काही आठवड्यांत उतरू लागते, पण वर्षानुवर्षं ओढणाऱ्यांचा दाह पूर्ण निवायला वर्षंही लागू शकतात.

बाळाला मात्र तोवर थांबावं लागत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या सुमारे अडीच हजार पहिलटकरणींचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी १५व्या आठवड्यापर्यंत सिगारेट सोडली होती, त्यांच्यात अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचं आणि बाळाची वाढ कमी राहण्याचं प्रमाण कधीच न ओढणाऱ्यांइतकंच आढळलं. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २००हून अधिक पट घट्ट चिकटतो आणि बाळाच्या रक्तात तो आईपेक्षाही जास्त साठतो. तो गेला की ऑक्सिजनची वाट मोकळी होते. निकोटीनमुळे आकसणाऱ्या रक्तवाहिन्याही सैलावतात. १५ आठवडे उलटून गेले असतील तरी सोडायलाच हवी, कारण बाळाचं बरंचसं वजन शेवटच्या तीन महिन्यांत भरतं.

‘कमी केली आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. मोजक्या सिगारेटी ओढणारी व्यक्ती नकळत झुरके खोल घेते आणि धूर वाटतो त्यापेक्षा जास्तच आत जातो. गरोदरपणात शरीर निकोटीनचा निचराही नेहमीपेक्षा वेगाने करतं, त्यामुळे तलफ लवकर आणि जोरात येते. तिला मनाचा कमकुवतपणा म्हणणं अन्यायाचं आहे. समुपदेशन घ्यावं, आणि तेवढ्याने भागत नसेल तर निकोटीनच्या पट्टीबद्दल किंवा च्युइंगगमबद्दल आपल्या डॉक्टरांना संकोच न करता विचारावं. घरातल्या इतरांचा धूरही तिच्या फुप्फुसात हाच दाह पेटवतो, म्हणून त्यांनीही याच दिवसांत सिगारेट सोडावी.