जेवणातून विषबाधा झाली तर: सोलापुरात उपचार, तक्रार आणि भरपाईचा अर्ज

पंगतीतून किंवा हॉटेलातून आल्यावर घरात दोघा-तिघांना एकदम उलट्या-जुलाब सुरू झाले की मेडिकलमधून गोळी येते, उरलेले अन्न फेकले जाते आणि बिल कचऱ्यात जाते. नंतर तक्रार करायला गेल्यावर हातात काहीच नसते. अर्ज अवघड नाही. अवघड आहे ते पहिल्या दिवशीचा पुरावा जपणे.

आधी जीव

एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण टाकून थोडे थोडे पाजत राहा. शौचात रक्त, 102 फॅरनहाइटच्या वर ताप, पाणीही न टिकणे, लघवी कमी होणे, तीन दिवसांपेक्षा जास्त जुलाब, नजर धूसर होणे किंवा हातापायांतली ताकद जाणे, यातले काहीही दिसले तर घरी थांबू नका. 108 ला फोन करा किंवा थेट सिव्हिल गाठा. गरोदर स्त्री, लहान मूल आणि वृद्ध यांच्या बाबतीत एवढीही वाट पाहू नका. ताप किंवा रक्त असताना जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून घेऊ नये. जंतू आतच राहतात.

अँटिबायोटिक सुरू होण्याआधी शौचाचा नमुना तपासणीला द्यायला सांगा. एक डोस गेला तरी जंतू सापडण्याची शक्यता घटते. केस पेपरवर काय खाल्ले, कुठे, किती वाजता आणि त्रास कधी सुरू झाला, हे लिहून घ्या. एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी) नोंद झाली असेल तर तिचा क्रमांक टिपा.

नेमके कशामुळे झाले?

शेवटचे जेवणच दोषी असते असे नाही. स्टॅफिलोकोकसच्या विषाने अर्ध्या ते आठ तासांत उलट्या होतात. साल्मोनेलाला सहा तासांपासून सहा दिवसही लागतात. म्हणून मागच्या तीन दिवसांचे खाणे लिहून काढा. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सकाळची बासुंदी किंवा भात दुपारपर्यंत बाहेर राहिला तर विष तयार होते आणि स्टॅफिलोकोकसचे हे विष पुन्हा उकळूनही जात नाही. ‘आम्ही गरम करूनच वाढले’ हा आचाऱ्याचा बचाव तिथे टिकत नाही. एकादशी-महाशिवरात्रीला भगरीचे पीठ खाऊन त्रास झाला असेल तर पाकीट बॅच क्रमांकासह ठेवा. सुटे पीठ असेल तर दुकानाची पावती फार महत्त्वाची.

अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार

ही तक्रार कोणीही करू शकतो; बिल नसले तरी चालते. सोलापूर कार्यालयात सहायक आयुक्त (अन्न) यांच्या नावे अर्ज द्या आणि पोच घ्या, किंवा 1800222365 वर कळवा. अर्जात ठिकाण, तारीख, वेळ, पदार्थ, आजारी पडलेल्यांची संख्या आणि बिलावरचा 14 अंकी परवाना क्रमांक लिहा. त्याच दिवशी कळवा, कारण अधिकाऱ्याला नमुना विक्रेत्याकडून घ्यावा लागतो आणि पातेली दुसऱ्या दिवशी धुतलेली असतात. घरचे उरलेले अन्न स्वच्छ डब्यात, तारीख-वेळ लिहून फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये नको, गोठल्याने काही जंतू मरतात. मात्र उघडलेल्या डब्याच्या अहवालावर समोरचा शंका घेतोच. स्वतः नमुना तपासून घेण्याची सोय अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 40 मध्ये आहे, पण तसा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. त्यामुळे जेवणानंतर तिचा सहसा उपयोग होत नाही.

याच कायद्याच्या कलम 65 नुसार भरपाई मृत्यूसाठी किमान 5 लाख, गंभीर इजेसाठी 3 लाखांपर्यंत आणि इतर इजेसाठी 1 लाखापर्यंत. मृत्यू झाल्यास वारसाला 30 दिवसांत अंतरिम मदतीची तरतूद आहे.

ग्राहक आयोग

उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी आणि मनस्ताप यांसाठी सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. जेवण पुण्यात केले असले तरी तुम्ही सोलापुरात राहत असाल तर इथेच दाखल करता येते. वकील सक्तीचा नाही. शुल्क मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तुम्ही मोजलेल्या पैशांवर ठरते. 5 लाखांपर्यंत ते शून्य. म्हणजे 600 रुपयांच्या थाळीसाठी शुल्क नाही.

तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र, ओळखपत्र, बिल किंवा यूपीआयचा तपशील, केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, तपासणी अहवाल, औषधांची बिले आणि नोटिशीची प्रत जोडा. आधी विक्रेत्याला 15 दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवणे कायद्याने बंधनकारक नाही, पण पाठवाच; तिच्या उत्तरात पुष्कळदा कबुली सापडते. ॲपवरून मागवले असेल तर हॉटेल आणि ॲप दोघांनाही पक्षकार करा. ऑनलाइन दाखल करायचे असल्यास ई-जागृति पोर्टल आहे; अडल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.

लग्नातल्या पाहुण्याने पैसे दिलेले नसतात, तरी यजमानाने पैसे मोजून घेतलेल्या केटररच्या सेवेचा लाभार्थी म्हणून तो तक्रार करू शकतो. फुकट भंडाऱ्याचे तसे नाही. तिथे कोणीच मोबदला दिलेला नसल्याने ग्राहक आयोगात दावा बसत नाही, पण अन्न सुरक्षा कायदा नफा न घेणाऱ्यालाही लागू होतो. म्हणून तिथे पहिला अर्ज अन्न व औषध प्रशासनाकडेच द्या.

ग्राहक आयोगाची मुदत घटनेपासून दोन वर्षे. अन्न सुरक्षा कायद्याखाली खटल्याची मुदत साधारण एकच वर्ष आहे आणि आयुक्तांनी कारण नोंदवून परवानगी दिली तरच ती तीन वर्षांपर्यंत वाढते.