ओळख परेडमधील डमी इसम

गुन्हा घडताना आरोपीला पाहिलेल्या, पण त्याला आधीपासून न ओळखणाऱ्या साक्षीदाराने त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या माणसांच्या रांगेतून त्याला ओळखून दाखवणे, या तपासातील रीतीला ओळख परेड म्हणतात. या रांगेत संशयिताच्या आजूबाजूला जी माणसे उभी केली जातात, त्यांना पोलिसांच्या आणि न्यायालयाच्या कागदपत्रांत ‘डमी’ किंवा ‘डमी इसम’ असे म्हटले जाते. गुन्ह्याशी, फिर्यादीशी किंवा आरोपीशी काडीचाही संबंध नसणे हीच त्यांची पहिली पात्रता होय. ‘डमी’ हा शब्द या माणसांवर काहीसा अन्याय करणारा आहे, कारण त्यांचे काम नुसते उभे राहण्याचे असले तरी साक्षीदाराने केलेल्या निवडीला अर्थ येतो तो त्यांच्यामुळेच. रांगेत आरोपीसारखे दुसरे कोणी नसेल, तर साक्षीदाराने ओळखले असे म्हणण्याजोगे काही घडतच नाही.

अशा ओळखीला पुराव्यात स्थान मिळते ते भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ७ खाली (१८७२ च्या जुन्या कायद्यात कलम ९). अटकेतील व्यक्तीला परेडसाठी उभे राहण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते, ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५४ मध्ये आहे. हे कलम अटक झालेल्या व्यक्तीपुरतेच असल्यामुळे डमी म्हणून उभे राहण्याची सक्ती रस्त्यावरच्या नागरिकावर करता येत नाही, त्याची संमतीच लागते. परेडमधील ओळख हा स्वतंत्र पुरावा नव्हे. खरा पुरावा साक्षीदाराने न्यायालयात शपथेवर केलेली ओळख हाच असतो आणि परेड त्या ओळखीला दुजोरा देते. तरीही, साखळीचोरीच्या खटल्यात फिर्यादी बाई दोन-तीन वर्षांनी आरोपीच्या पिंजऱ्याकडे बोट दाखवून ‘हाच तो’ म्हणतात, तेव्हा पिंजऱ्यात उभा असलेला माणूस आरोपी आहे हे सगळ्यांनाच दिसत असते. म्हणूनच घटनेनंतर लवकर घेतलेल्या परेडला व्यवहारात एवढे वजन असते.

महाराष्ट्रात परेड पोलीस स्वतः घेत नाहीत. पोलिसांपुढे केलेले निवेदन पुराव्यात वापरण्यावर बंदी आहे (आज संहितेचे कलम १८१, पूर्वीचे १६२), आणि ओळख पटवणे हेही एक निवेदनच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने रामकिशन विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात ठरवले. मुंबईतील हॉर्नबी रोडवरच्या लॉइड्स बँकेवर १९५१ साली पडलेल्या दरोड्यातून हा खटला उभा राहिला होता. परेडच्या वेळी पोलिसांनी पूर्णपणे बाजूला व्हावे, हा धडा तेव्हापासून या भागातील पद्धतीत मुरला आहे. ठाणे शहरात पोलीस ठाण्याकडून तहसीलदारांना पत्र जाते आणि तहसीलदार किंवा नायब तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी या नात्याने दोन पंचांसमक्ष परेड घेतात. नवी मुंबईत मात्र एकाच पोलीस आयुक्तालयाची हद्द दोन जिल्ह्यांत पसरलेली आहे. ऐरोली, वाशी, बेलापूर हा भाग ठाणे तालुक्यात येतो, तर खारघर, कामोठे, कळंबोली हा भाग रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात. त्यामुळे पत्र कोणत्या तहसील कार्यालयाकडे जाणार हे गुन्ह्याच्या जागेवर अवलंबून राहते.

आरोपी न्यायालयीन कोठडीत गेल्यावर परेड बहुधा कारागृहातच होते. ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेल्या आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेल्या किल्ल्यात आहे, तर नवी मुंबईकरांच्या ओळखीचे तळोजा मध्यवर्ती कारागृह खारघरच्या बाजूला आहे. कारागृहात डमी म्हणून पुष्कळदा तिथल्याच न्यायाधीन, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेल्या, बंद्यांना उभे केले जाते. ही सोय मोठी असली तरी बाहेरून आलेला सामान्य नागरिक आणि काही आठवडे आत काढलेला बंदी यांच्या चेहऱ्यावरची कळा निराळी असते, आणि आरोपीही आतलाच असल्यामुळे या एका बाबतीत बंदी डमीच अधिक जुळतो, हे मान्य करावे लागते. परेड बाहेरच्या एखाद्या कार्यालयात असेल तर आसपासची माणसे विचारून गोळा करावी लागतात. अशा वेळी वेळ काढून, विनामतलब उभा राहायला तयार होणारा माणूस मिळणे हीच अडचण असते. त्यातच ‘पोलिसांचे लचांड नको’ ही भावना लोकांच्या मनात खोल रुजलेली आहे.

डमींची संख्या मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत सांगितली आहे. एक संशयित असेल तर किमान सहा, दोन असतील तर दहा-बारा, आणि एका परेडमध्ये सहसा दोनपेक्षा जास्त संशयित उभे करू नयेत. मात्र संख्येपेक्षा साम्य महत्त्वाचे आहे. सहा डमी आणि एक संशयित अशा सात जणांच्या रांगेत साक्षीदाराने डोळे मिटून हात ठेवला तरी तो संशयितावर पडण्याची शक्यता सातात एक असते. आता समजा, सोनसाखळी ओढून पळालेला मुलगा सावळा, सडपातळ आणि विशीतला होता असे फिर्यादीत लिहिले आहे, पण रांगेतील सहापैकी एक पन्नाशीचा, एक टक्कल पडलेला, एक लठ्ठ आणि एक गोरापान आहे. हे चौघे रांगेत असून नसल्यासारखे होत, कारण साक्षीदाराची नजर त्यांच्यावर ठरणारच नाही. मग खरी रांग तिघांची उरते आणि निव्वळ अंदाजाने बोट ठेवले तरी तिनातून एकदा ते आरोपीवरच जाते. कागदावर सहा डमी मोजता येतात, म्हणून हा दोष पंचनामा वाचून सहज लक्षात येत नाही.

डमीची निवड करताना वय, उंची, बांधा, वर्ण, केस, दाढी-मिशी हे सारे पाहावे लागते. सगळ्यात जास्त घोटाळा दाढीपाशी होतो. आठ-दहा दिवस कोठडीत असलेल्या आरोपीची दाढी वाढलेली असते, तर सकाळी घरून तयार होऊन आलेले डमी गुळगुळीत हनुवटीचे असतात. अशा वेळी एक तर आरोपीला दाढी करू द्यावी किंवा वाढलेल्या दाढीचे डमी शोधावेत, तिसरा मार्ग नाही. गालावर व्रण असेल तर सगळ्यांच्याच गालावर त्याच जागी कागदाची किंवा चिकटपट्टीची पट्टी लावतात. मनगटावर नाव गोंदलेले असेल तर सगळ्यांनाच लांब बाह्यांचे शर्ट द्यावेत. पायांकडे मात्र हमखास दुर्लक्ष होते. एकाच्याच पायात रबरी चप्पल आणि बाकीच्यांच्या पायात बूट असतील, तर चेहरा आठवत नसलेला साक्षीदारही चपलेवरून काय ते समजतो. म्हणून सगळ्यांना अनवाणी उभे करणे हा सर्वांत सोपा आणि चोख उपाय आहे.

प्रत्यक्ष परेडच्या वेळी दंडाधिकारी आधी डमींना नाव, वय, पत्ता विचारतात आणि साक्षीदार किंवा आरोपी त्यांच्या ओळखीचा नाही ना, याची खात्री करून घेतात. ओळख असेल तर डमीने तिथेच सांगून बाजूला व्हावे. त्यानंतर आरोपीला आणले जाते. त्याचा चेहरा तोवर झाकलेला असतो, आणि अटकेपासून परेडपर्यंत साक्षीदाराला तो दिसू न देणे ही पोलिसांची जबाबदारी असते. रांगेत कोठे उभे राहायचे ते आरोपीने स्वतः ठरवायचे असते. रांगेतील कोणाविषयी हरकत आहे का, हेही त्याला विचारले जाते. या घडीला डमी आणि आरोपी प्रथमच एकमेकांकडे पाहतात, आणि पुढची काही मिनिटे खांद्याला खांदा लावून उभे राहतात.

साक्षीदार एकेक करून आत येतात. प्रत्येकाने रांगेसमोरून सावकाश जावे, चेहरे पाहावेत आणि ओळख पटल्यास त्या माणसाला हात लावून दाखवावे, अशी रीत आहे. डमीकडून अपेक्षा एवढीच की त्याने समोर पाहावे, बोलू नये, हसू नये आणि आरोपीकडे तर चुकूनही पाहू नये, कारण रांगेतील सहा जणांच्या माना नकळत एकाच बाजूला वळल्या तर साक्षीदाराला वेगळे काही सांगावे लागत नाही. हे ऐकायला सोपे, करायला अवघड आहे. मंगळसूत्र ओढताना मानेला ओरखडा उठलेली बाई हातभर अंतरावर थांबून आपल्या चेहऱ्याकडे टक लावून पाहते, तेव्हा काहीही न केलेल्या माणसाचीही नजर खाली जाते. एक साक्षीदार बाहेर गेला की आरोपीला जागा बदलण्याची आणि कपडे बदलण्याची मुभा असते, आणि तपासलेल्या साक्षीदाराची बाहेर थांबलेल्यांशी गाठ पडू दिली जात नाही.

साक्षीदाराने डमीलाच हात लावला तर काय, ही भीती तयार होणाऱ्या प्रत्येकाच्या मनात असते, आणि तिचे उत्तर निःसंदिग्ध आहे: डमीवर त्यामुळे कोणताही संशय येत नाही. साक्षीदाराने अमुक क्रमांकाच्या डमीला ओळखले अशी नोंद होते आणि त्या साक्षीदाराची ओळख फसली, एवढाच तिचा अर्थ होतो. आरोपीच्या दृष्टीने हीच नोंद मोलाची असते. चुकीचा हात आपल्या खांद्यावर घेऊन डमीने एखाद्या निरपराध माणसाला वाचवलेले असू शकते.

रांग चुकीची लावल्यावर काय होते याचे उदाहरण इंग्लंडमधील ॲडॉल्फ बेक याच्या खटल्यात आहे. स्त्रियांना फसवून दागिने लांबवल्याच्या आरोपावरून त्याला १८९५ च्या अखेरीस पकडण्यात आले. रस्त्यावरून आणलेल्या माणसांच्या रांगेत पिकलेले केस आणि मिशा असलेला तो एकटाच होता, आणि स्त्रियांनी त्यालाच ओळखले. १८९६ मध्ये त्याला शिक्षा झाली, १९०४ मध्ये तशाच आरोपावरून तो पुन्हा दोषी ठरला, आणि त्यानंतर खरा गुन्हेगार सापडल्यावर त्याची सुटका झाली. फौजदारी अपिलांसाठी तिथे १९०७ मध्ये स्वतंत्र न्यायालय स्थापन होण्यामागे हे प्रकरण मोठे कारण ठरले. आज तिथल्या नियमांप्रमाणे संशयिताबरोबर किमान आठ जण लागतात. प्रत्यक्ष रांगेऐवजी चित्रफिती दाखवण्याची पद्धतही आता तिथे रूढ झाली आहे.

आपल्याकडील पद्धतीत एक उणीव राहते. परेड घेणाऱ्या दंडाधिकाऱ्यांना आरोपी कोण हे माहीत असते, आणि त्यांच्या नजरेतून किंवा ‘नीट पाहा’ यासारख्या साध्या शब्दांतून ते साक्षीदारापर्यंत पोहोचू शकते. रांगेत गुन्हेगार असेलच असे नाही, हे साक्षीदाराला आधी स्पष्ट सांगणे एवढ्याने हा धोका पुष्कळ कमी होतो, आणि ते सांगायला खर्च काहीच येत नाही.

खटला उभा राहतो तेव्हा डमींना साक्षीसाठी सहसा बोलावले जात नाही. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात दंडाधिकारी असतात, आणि आरोपीचे वकील त्यांना उलटतपासणीत डमींची उंची, वर्ण, दाढी, कपडे यांविषयी एकामागून एक प्रश्न विचारतात. इतक्या वर्षांनी हे तोंडपाठ असणे शक्य नसते, म्हणून ते आपल्या ज्ञापनाकडे, म्हणजे परेडच्या वेळी केलेल्या लेखी नोंदीकडे, वळतात. त्यात प्रत्येक डमीपुढे वय, वर्ण, बांधा लिहिलेला असेल तर उत्तर देता येते, आणि ‘आरोपीशी मिळतेजुळते सहा इसम’ एवढेच लिहिलेले असेल तर ते सहा जण कसे दिसत होते हे न्यायालयाला कळण्याचा मार्ग उरत नाही.