२^१२७ − १ (मर्सेन मूळ संख्या)

२ च्या १२७व्या घातातून १ वजा केल्यावर मिळणारी ३९ अंकी मूळ संख्या: १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. फ्रेंच गणिती एद्वार ल्युका यांनी १८७६ मध्ये हातानेच आकडेमोड करून ती मूळ असल्याचे दाखवले. १९५१ पर्यंत ती ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी होती. यंत्राविना पडताळलेल्या मूळ संख्यांत आजही तिच्याहून मोठी कोणतीही नाही.

२५७ पर्यंतच्या कोणत्या घातांकांना अशी मूळ संख्या मिळते, याची यादी मरॅं मर्सेन या धर्मोपदेशकाने १६४४ मध्येच दिली होती, पण सिद्धतेशिवाय. तिच्यात ६७ आणि २५७ चुकीने आले, ६१, ८९ व १०७ राहून गेले. १२७ मात्र बरोबर निघाला.

या संख्येचा १ व्यतिरिक्त कोणताही भाजक असलाच, तर तो २५४क + १ (क ही पूर्ण संख्या) याच रूपाचा असावा लागतो. त्यामुळे शोध बराच आटोपतो, तरी वर्गमुळापर्यंत असे उमेदवार सुमारे अर्धा परार्ध उरतात (परार्ध म्हणजे १ वर १७ शून्ये). एकेकाने भाग देत बसणे माणसाच्या आवाक्यातले नव्हे. ल्युकांची थोरवी ही की त्यांनी भाजक शोधलेच नाहीत. त्यांची कसोटी अशी: ३ पासून सुरुवात करा, दर पायरीला वर्ग करून २ वजा करा आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा. १२७ (म्हणजे २^७ − १) साठी ३, ७, ४७, ४८, १६, ० अशा बाक्या येतात. सहाव्या पदाला शून्य आले, म्हणून १२७ मूळ. २^१२७ − १ साठी १२६व्या पदाला शून्य यावे लागते, आणि ते येते. हा आरंभ घातांकाला ४ ने भागून बाकी ३ उरते तेव्हाच चालतो. सर्व विषम मूळ घातांकांना लागू पडणारे, ४ पासून सुरू होणारे रूप अमेरिकन गणिती डी. एच. लेमर यांनी १९३०च्या दशकात पक्के केले.

बाकी काढणेही इथे सोपे आहे. फक्त ० आणि १ हे अंक वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत ही संख्या म्हणजे सलग १२७ वेळा १. त्यामुळे गुणाकारातले शेवटचे १२७ अंक वेगळे करून उरलेला डावीकडचा भाग त्यांत मिळवला की झाले, भागाकार लागत नाही. याच सोयीमुळे २०१५ मधील ‘फोरक्यू’ या गुप्तलेखनातील वक्राची गणिते या संख्येवर उभी आहेत. तसेच २^१२७ ची बाकी १ असल्याने २^१२८ ची बाकी २ येते. म्हणजे या अंकगणितात २ चे वर्गमूळ २^६४ आहे.

युक्लिडच्या नियमाने २^१२६ × (२^१२७ − १) ही ७७ अंकी परिपूर्ण संख्या (स्वतःखेरीज इतर सर्व भाजकांच्या बेरजेइतकी असलेली संख्या) मिळते.

२, ३, ७, १२७ या साखळीत प्रत्येक संख्या पुढच्या संख्येचा घातांक आहे आणि १२७ नंतर हीच संख्या येते. तिच्या पुढची कडी मूळ आहे की नाही, हे अनिर्णित आहे. त्या कडीत किती अंक आहेत हे लिहायलाच ३८ अंक लागतात, म्हणून ल्युकांची कसोटी तिथे चालवता येत नाही. एखादा लहान भाजक हाती लागला, तरच ती संयुक्त असल्याचे कळेल.