डेल्फीला एक रात्र जास्त का?

ग्रीस सहलीचा कार्यक्रम हातात पडला की बरेच जण फोन करून विचारतात, "अथेन्सहून डेल्फीला सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येतं, मग तिथे मुक्काम कशाला?" फोनवर याचे उत्तर नेहमी अर्धवट राहते. म्हणून हे पत्रक.

डेल्फी डोंगरउतारावर आहे. संगीताचा देव अपोलो याचे देऊळ, त्याच्या वरच्या अंगाला नाट्यगृह आणि आणखी चढून गेले की शर्यतीचे मैदान. एका दिवसात येणारे बहुतेक लोक देवळापाशी फोटो काढून बसकडे वळतात. पण ही तिन्ही ठिकाणे एकाच उत्सवाची आहेत. जुन्या ग्रीकांसाठी धावणे, गाणे, वाजवणे हीसुद्धा देवाची सेवाच होती. देऊळ पाहून मैदान सोडले, तर आमच्या मते डेल्फी अर्धेच पाहिले.

दर चार वर्षांनी इथे पायथियन उत्सव भरे. त्याची सुरुवात गाण्यापासून झाली. कितारा या तंतुवाद्यावर अपोलोचे स्तोत्र गाण्याची स्पर्धा सर्वांत जुनी. धावण्याच्या आणि रथांच्या शर्यती नंतर आल्या. इ.स.पू. ५८६च्या सुमारास औलोसवादनाचीही स्पर्धा सुरू झाली. औलोस म्हणजे एकाच वेळी फुंकायच्या दोन नळ्या, सनईसारख्या पत्तीच्या. आर्गोसचा साकादास तेव्हा जिंकला आणि पुढचे दोन्ही उत्सवही त्यानेच मारले. अपोलोने पायथन या अजस्र सापाला मारल्याची कथा वादक शब्दांवाचून, नुसत्या सुरांत सांगत: जागेची पाहणी, आव्हान, झुंज, विजय आणि शेवटी नाच. झुंजीच्या भागात सापाचे दात खाणेही वाद्यातून ऐकू येई. बक्षीस काय, तर लॉरेलच्या पानांचा मुकुट.

संग्रहालयात दोन गोष्टींपाशी आपण थांबणार आहोत. एक, ब्राँझचा सारथी. सिसिलीतल्या गेलाच्या पोलिझालोसने रथशर्यतीतल्या विजयाबद्दल तो देवाला वाहिला. दुसरी बहुतेकांच्या नजरेतून सुटते: अपोलोची दोन स्तोत्रे कोरलेले दगड, अक्षरांच्या वर स्वरलिपीच्या खुणा असलेले. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे गाणे चालीसकट दगडावर उरले आहे. घाई करू नका, खुणा जवळून पाहा.

ऑलिंपिक शर्यतींचे ठिकाण ऑलिंपिया हे मात्र देवांचा राजा झ्यूसचे. तिथे गाण्याला जागा नव्हती, इ.स.पू. ३९६पासून तुतारीवाले आणि ललकारी देणारे यांच्या स्पर्धा तेवढ्या होत. धावपट्टी सुमारे १९२ मीटरची आहे, सुरुवातीच्या रेषेचे दगड अजून जागेवर आहेत. मैदानात शिरण्याआधी डावीकडे चौथऱ्यांची रांग दिसेल. लबाडी करणाऱ्या खेळाडूंच्या दंडातून उभ्या केलेल्या झ्यूसच्या मूर्तींचे ते चौथरे. पहिल्या मूर्ती इ.स.पू. ३८८च्या प्रकरणातल्या: थेसलीच्या युपोलसने प्रतिस्पर्धी मुष्टियोद्ध्यांना लाच दिली होती. मैदानात उतरणाऱ्या प्रत्येकाला या मूर्तींवरूनच जावे लागे.

अथेन्समध्ये नगरदेवी अथेनाच्या मोठ्या उत्सवात जिंकणाऱ्या खेळाडूंना तेलाने भरलेले रांजण मिळत. एका बाजूला देवी, दुसऱ्या बाजूला ज्या खेळासाठी बक्षीस त्याचे चित्र. तेल देवीच्या पवित्र ऑलिव्ह झाडांचे. होमरची काव्ये म्हणण्याची स्पर्धाही याच उत्सवात.

मद्य आणि नाटकाचा देव डायोनिसस याच्या अथेन्समधल्या वसंतोत्सवातली नाट्यस्पर्धा वेगळी. प्रत्येक शोकांतिकाकार तीन शोकांतिका आणि त्यांना जोडून एक सॅटिर नाटक (अर्धे माणूस, अर्धे पशू अशा सॅटिरांच्या वृंदाचे विनोदी नाटक) सादर करी. शिवाय शहराच्या दहा जमातींपैकी प्रत्येकीचा पन्नास मुलांचा एक आणि पन्नास पुरुषांचा एक गायकवृंद, म्हणजे एकूण हजार गळे. गायकवृंदाचा खर्च शहरातला एखादा श्रीमंत नागरिक उचली. जिंकणाऱ्याला तिवई मिळे, ती मिरवायला तो स्मारक बांधी. प्लाका भागातले इ.स.पू. ३३४च्या सुमाराचे लिसिक्राटेसचे स्मारक तसेच आहे. संध्याकाळच्या फेरीत ते दाखवू.

डेल्फीत मैदानाकडे आपण दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढण्याआधी निघू. वाट चढणीची आणि खडकाळ आहे. पकड असलेले बूट, टोपी आणि पाणी हवेच. गुडघे दुखत असतील तर निघण्याआधी आम्हाला सांगा. नाट्यगृहाच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत सावकाश नेऊ. तिथे बसले की रंगभूमी, देऊळ आणि खालची दरी एकाच नजरेत येते, आणि तिथेच बसून साकादासची गोष्ट पूर्ण सांगू.