माणदेशातली जुळी कोकरं : गारोळ मेंढी निवडण्यामागची पार्श्वभूमी

सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात मेंढी सुधारायची म्हणजे लोकर सुधारायची, अशीच सरकारी समजूत बराच काळ होती. इथल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि काळी, घोंगड्यापुरती. म्हणून मेरिनो आणि राम्बुले जातीचे परदेशी नर आणून संकर झाले. ती पैदास फार्मवर राहिली, वाड्यावरच्या, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळावरच्या, खांडात (कळपात) फारशी रुजली नाही. पुढे लोकरीचा भाव इतका पडला की कातरणीची मजुरीही सुटेना. कमाई उरली ती कोकराच्या विक्रीची आणि खतासाठी शेतात मेंढरं बसवण्याची.

मग हिशेब उघडा पडला. दख्खनी मेंढी एका वेताला बहुतेक एकच कोकरू देते. वर्षभर चारायची मेंढी आणि हाती येणार एक कोकरू. यावर वाटा दोनच होत्या : कोकरू मोठं करा किंवा कोकरं वाढवा. जतकडच्या मेंढपाळांनी पहिली धरली. उंच, फुगीर नाकाडाची माडग्याळ हे तिचंच फळ, आणि तिच्या चांगल्या एडक्याला (नराला) आटपाडीच्या बाजारात लाखांत बोली लागते.

दुसरी वाट नव्वदच्या दशकात फलटणच्या एका खासगी संशोधन संस्थेने धरली, आणि वाद तिथेच झाला. जुळ्यांसाठी तिने आणली सुंदरबनातली गारोळ. दलदलीत वाढणारी, पूर्ण वाढूनही पंधरा किलोच्या आतबाहेरची मेंढी. कोकरू जन्मतः जेमतेम किलोभराचं. दख्खनीच्या निम्म्या अंगाचं हे जनावर सुधारणेसाठी आणताय? मेंढपाळांची ही शंका रास्तच होती. गारोळचा सरळ संकर वाड्यावर दिला असता तर जुळी मिळाली असती, पण वजन गेलं असतं आणि बाजारात वजनालाच पैसे.

तोडगा असा की जात घ्यायचीच नाही, तिचा जुळी देणारा एक जनुक घ्यायचा. संकरातली जनुकवाहक पिल्लं निवडायची आणि पुन्हा दख्खनीवर लावायची. अशा तीन पिढ्यांत गारोळचा अंश आठव्या भागावर येतो, अंगकाठी दख्खनीची होते. अडचण एवढीच की वाहक ओळखायचा कसा? मेंढी निदान व्याल्यावर कळते. एडका मात्र त्याच्या मुली व्याल्याशिवाय कळत नाही, म्हणजे काही वर्षं गेली. २००१ साली या जनुकातला नेमका बदल सापडला आणि थेंबभर रक्तावर निकाल मिळू लागला. माझ्या मते प्रकल्प तगला तो या चाचणीमुळे, जातीच्या निवडीमुळे नव्हे.

हाच बदल ऑस्ट्रेलियातल्या जुळी-तिळी देणाऱ्या बुरूला मेरिनोतही आहे. १७९२-९३च्या सुमारास कलकत्त्याहून तिकडे बंगालची मेंढरं गेली होती. बुरूलाला तो गुण त्यांच्याकडूनच मिळाला असं मानलं जातं.

मग दुसरा पेच : जनुकाची एक प्रत की दोन? एक प्रत असलेल्या शंभर मेंढ्यांमागे दीडशेच्या वर कोकरं येतात, दख्खनीत शंभराच्या थोडी वर. दोन प्रती झाल्या की तिळ्यांचा धोका वाढतो, आणि दोन सडांच्या मेंढीला तिळी म्हणजे एक कोकरू बहुधा गेलंच. म्हणून एडका दोन प्रतींचा आणि मेंढी एका प्रतीची, अशी मांडणी पुढे आली. असा एडका साध्या दख्खनीवर सोडला की प्रत्येक मादी कोकरात एक प्रत हमखास उतरते.

टीका थांबली नाही, आणि ती पोकळही नव्हती. दसरा-दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या वाड्यावर जुळी हे ओझंच. नवजात कोकरं घोड्यावर लादायची, आईला दूध कमी पडलं की दुसऱ्या मेंढीचं पाजायचं. हे बहुतेक बायकांच्या अंगावर येतं, आणि उत्पादनवाढीच्या आकड्यांत ते कष्ट दिसत नाहीत. एका जागी राहून थोडी मेंढरं पाळणाऱ्याला जुळी परवडतात, कारण त्याला विणीच्या दिवसांत मेंढीला खुराक देता येतो.

गेल्या काही वर्षांत चराऊ रानं आटली, फिरस्ती कमी झाली. त्यामुळे बंदिस्त पालन करणारी नवी पिढी जुळ्यांच्या मागे आहे. बाजारात मात्र अजून नाक, उंची आणि चाल बघून एडका ठरतो. दोन प्रतींचा एडका आणि त्याच्या शेजारी बांधलेला साधा दख्खनी यांत नजरेला काही फरक नाही. रक्तचाचणीचा कागद पाहून बोली वाढवणारं गिऱ्हाईक आटपाडीत अजून विरळाच.